फाळक्यांचा चमत्कार आणि खानदेशची भुते

जुन्या दंतकथा, त्यांतील पिशाच्चे आणि क्योतो किंवा एदोसारखी गजबजलेली शहरे यांचा मेळ घालून जपानी दिग्दर्शकांनी जे चित्रपट काढले, त्यांना जगाने केव्हाच अभिजात कलेचा मान दिला आहे. मिझोगुची यांच्या 'उगेत्सु'ला १९५३ साली व्हेनिसच्या महोत्सवात रौप्यसिंह मिळाला. कोबायाशी यांच्या 'क्वायदान'ला १९६५ साली कानच्या महोत्सवात परीक्षकांचे विशेष पारितोषिक लाभले. शिंदो यांच्या 'कुरोनेको'त (१९६८) सैनिकांनी अत्याचार करून घरासकट जाळलेल्या सासू-सुना पिशाच्च होऊन राजधानीच्या वेशीवर सामुराईंची वाट अडवितात, आणि प्रेक्षकाची सहानुभूती पहिल्यापासून त्या पिशाच्चांकडेच असते. १९८८ साली आलेल्या 'तेइतो मोनोगातारी' या चित्रपटात तर दहाव्या शतकात शिरच्छेद झालेल्या मासाकादो या बंडखोराचा आत्मा आधुनिक तोकियो शहराच्या मुळावर उठतो की काय, असा प्रसंग ओढवतो. या मासाकादोच्या मस्तकाची समाधी तोकियोच्या ओतेमाची भागात मोठमोठ्या कचेऱ्यांच्या इमारतींमध्ये आजही राखलेली आहे, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे.

खानदेशी वाचकाला यात अपरिचित असे काही वाटू नये. जुन्या खानदेशची राजधानी असलेल्या बुऱ्हाणपूरजवळ आशीरगड उभा आहे आणि त्या गडावरील शिवमंदिरात अश्वत्थामा पहाटे फूल वाहून जातो, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. सातपुड्यात अक्राणीच्या मुलखात अस्तंब्याचे शिखर आहे. तेथेही अश्वत्थाम्याचाच वास मानतात आणि दिवाळीच्या सुमारास हजारो आदिवासी तरुण तो कडा चढून जातात. कपाळावरील जखमेसाठी तेल मागत रानोमाळ हिंडणारा हा चिरंजीव म्हणजे आपला मासाकादोच होय. मात्र आपण त्याला पडद्यावर आणले नाही. २०२४ साली 'कल्की २८९८ एडी' या तेलुगू चित्रपटाने त्याला भविष्यकाळातील काशी नगरीत उभा केला, तेव्हा आमच्याकडील प्रेक्षकांनी रांगा लावून तो पाहिला. आपल्या शेजारच्या डोंगरावरील कथा हैदराबादहून फिरून आपल्याकडे आली.

असे का झाले, याचे एक कारण आळसाचे आहे. पण दुसरे कारण गंभीर आहे आणि ते टाळून या विषयावर लिहिणे अप्रामाणिक ठरेल. भूतपिशाच्चांची गोष्ट खानदेशात निरुपद्रवी करमणूक राहिलेली नाही. सातपुड्याच्या पाड्यांमध्ये एखाद्या बाईला डाकीण ठरवून तिला मारहाण करणे, गावाबाहेर घालविणे, प्रसंगी तिचा जीव घेणे असे प्रकार घडत आले आहेत. कोणाचे मूल दगावते, कोणाची गाय आटते आणि बोट दाखविले जाते ते बहुधा एकट्या राहणाऱ्या विधवेकडे. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी या भागात वर्षानुवर्षे काम केले, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदाही झाला. अशा मुलखात पडद्यावर पिशाच्च नाचविणे म्हणजे आगीत तेल ओतणे, असे सुशिक्षितांना वाटले तर त्यांना दोष देता येत नाही. परंतु या शंकेला एक उत्तर फार पूर्वी मिळून गेले आहे, आणि ते देणारा माणूस खानदेशच्या सीमेला लागून असलेल्या नाशिक जिल्ह्यातलाच होता. धुंडिराज गोविंद फाळके यांना आपण भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून हार घालतो. चमत्कार कसा दाखवावा हे त्यांनी किती विचारपूर्वक ठरविले होते, याकडे मात्र आपले लक्ष गेलेले नाही.

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात त्यांना अध्यापकाची जागा मिळाल्याने बिऱ्हाड मुंबईस आले. मुलाने पौरोहित्याची वाट सोडून जे. जे. कलाशाळेत नाव घातले आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला, मूर्तिकाम, वास्तुकला, छायाचित्रण आणि छपाईचे ठसे करण्याची विद्या असे जे जे शिकता येईल ते ते शिकून घेतले. एका विद्येवर स्थिर न राहणे हा त्यांचा स्वभावदोष पुष्कळांनी दाखविला आहे. पण या सर्व विद्यांचे गोत्र एकच आहे, हे ध्यानात घ्यावे. जे समोर नाही ते असल्यासारखे दिसावे, एवढ्याचसाठी या विद्या असतात.

शिक्षण संपल्यावर त्यांनी गुजरातेत गोध्रा येथे छायाचित्रणाचा धंदा मांडला. त्या काळात दोन आघात झाले. प्लेगने त्यांची पहिली पत्नी आणि मूल हिरावून नेले. धंद्यावरचा घाला निराळ्या तऱ्हेचा होता. कॅमेरा माणसाचे सत्त्व शोषून घेतो आणि ज्याचे चित्र काढले तो लवकर मरतो, अशी आवई लोकांत पसरली होती. तिच्यापुढे तरुण छायाचित्रकाराचा टिकाव लागेना. सातपुड्यातील डाकिणीवर जो आरोप होतो त्याच जातीचा हा आरोप होता, असे म्हणण्यास हरकत नाही. दृष्टीने जीव ओढून घेणारी बाई आणि काचेने जीव ओढून घेणारा माणूस यांत समजुतीच्या दृष्टीने अंतर थोडेच. फाळके पुरुष होते, शिकलेले होते आणि त्यांना गाव सोडून जाता येत होते, म्हणून त्यांचे नुकसान व्यवसायापुरते राहिले.

याच सुमारास एका परदेशी जादूगाराचा सहवास त्यांना घडला आणि ते हातचलाखी शिकले. पुढे आडनावाची अक्षरे उलटी करून 'प्रोफेसर केळफा' या नावाने ते जादूचे प्रयोग करीत. चरित्रकार हा भाग बहुधा गमतीची बाब म्हणून उरकून टाकतात. प्रस्तुत लेखकाला तो त्यांच्या आयुष्याचा कणा वाटतो. जादूगाराचा आणि भगताचा धंदा वरवर सारखा दिसतो. दोघेही अशक्य ते करून दाखवितात. परंतु भगत म्हणतो की हे माझ्या अंगातल्या शक्तीने झाले. जादूगार तिकिटावरच लिहून देतो की ही हातचलाखी आहे, पकडता आली तर पकडा. पहिला आपल्याला भितो तो गिऱ्हाईक शोधतो, दुसरा डोळे उघडे ठेवणारा प्रेक्षक मागतो. ज्याला लोकांनी जीव शोषणारा ठरविले होते, त्याने या दोहोंतून दुसरा धंदा पत्करला.

मधली वर्षे भराभर सांगता येतील. १९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला आणि सरस्वतीबाई घरात आल्या. पुराणवस्तू खात्यात काही काळ नोकरी झाली. मग वंगभंगाच्या वाऱ्यात ती सोडून लोणावळ्यास छपाईचा कारखाना, पुढे दादरला लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स, रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी १९०९ साली जर्मनीची वारी, आणि अखेर भागीदारांशी बेबनाव. १९१०-११च्या सुमारास गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहून आपल्या देवादिकांच्या कथा अशाच हलत्या चित्रांत आणाव्यात, या विचाराने त्यांना झपाटले, ही गोष्ट शाळकरी मुलांनाही पाठ आहे. त्या ध्यासापायी डोळे काही काळ गेले, विम्याची पॉलिसी गहाण पडली आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला निघाले. तेथे हेपवर्थ यांच्या चित्रशाळेत काम पाहून विल्यमसन बनावटीचा कॅमेरा विकत घेऊन दोन महिन्यांत ते परतही आले.

परत आल्यावर त्यांनी पहिला चमत्कार केला तो देवाचा नव्हता. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, कॅमेरा एका जागी पक्का बसविला आणि अंकुर फुटून वेल वर येईपर्यंत दिवसामागून दिवस थोडी थोडी फीत टिपली. पडद्यावर ती एका मिनिटाच्या आसपास धावली आणि महिनाभराची वाढ डोळ्यांदेखत झाली. या चिमुकल्या चित्रपटाच्या भरवशावर त्यांना भांडवलदार मिळाला. मंत्राने आंब्याचे झाड उगवून दाखविणारा गारुडी आणि हे फाळके यांत फरक एवढाच की फाळक्यांच्या वाटाण्याला खरेच पाणी घालावे लागले होते.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्यातली तारामती ग्रँट रोडवरच्या खाणावळीतील आचारी अण्णा साळुंके यांनी केली, कारण कुलवंतच काय, नाचगाणे करणाऱ्या स्त्रियाही कॅमेऱ्यापुढे उभ्या राहण्यास तयार नव्हत्या. सरस्वतीबाईंनी दागिने दिले, साठसत्तर माणसांचा स्वयंपाक केला, अंधाऱ्या खोलीत बसून फितीला भोके पाडली आणि उन्हात पांढरी चादर धरून प्रकाश परतविला. त्यांचे नाव जनकाच्या नावाशेजारी यावयास हवे होते. ते आले नाही. असो.

हरिश्चंद्राची कथा भक्तीची म्हणून आपण ऐकतो. ती बाजूला ठेवून पाहिले तर तीत काय आहे? राज्य गमावलेला राजा परक्या शहराच्या बाजारात स्वतःला विकतो, स्मशानात प्रेतांचा कर गोळा करतो, रात्री पोटच्या मुलाचे प्रेत घेऊन बायको येते आणि तिच्यावरच बालहत्येचा आळ येऊन तिचा वध करण्याची पाळी त्याच्यावर येते. शहर, स्मशान, राक्षसी आळ आणि शिक्षेस पात्र ठरलेली निरपराध स्त्री. जपानी चित्रपटांत ज्याला आपण वाखाणतो ते सारे द्रव्य फाळक्यांच्या पहिल्याच कथेत होते. पुढे 'लंकादहन' (१९१७) आला. त्यात साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या आणि लोक पादत्राणे काढून खेळाला बसत. १९१८च्या 'श्रीकृष्णजन्म' चित्रपटात कंसाला चोहीकडे कृष्ण दिसू लागतो आणि त्याचे स्वतःचे शिर धडावेगळे होऊन वर जाते व पुन्हा येऊन बसते. अपराधी मनाची ही भीती शंभर वर्षांपूर्वी इतक्या थोडक्यात दाखविलेली पाहिली की थक्क व्हावे लागते. अशी दृश्ये साधण्याची रीत म्हणजे काळ्या पडद्यापुढे एकदा चित्रण करावयाचे, तीच फीत मागे गुंडाळावयाची आणि झाकून ठेवलेल्या भागावर दुसरे चित्र उतरवावयाचे. हात चुकला तर दोन्ही चित्रे वाया.

आता यांच्या समकालीन जपानी माणसाकडे वळू. माकिनो शोझो यांचा जन्म १८७८ साली क्योतोत झाला. आईच्या मालकीच्या नाटकगृहात ते वाढले, १९०८ साली पहिला कथापट काढला आणि ओनोए मात्सुनोसुके या फिरत्या नाटकमंडळीतील नटाला हाताशी धरून शेकडो ऐतिहासिक-अद्भुत चित्रपट बाहेर काढले. कॅमेरा थांबविला असताना नट जागचा हलला आणि पडद्यावर तो अदृश्य झाल्यासारखा दिसला, त्यावरून त्यांना युक्ती सुचली असे सांगतात. हीच कथा फ्रान्सच्या मेलिएस यांच्याविषयीही सांगितली जाते. तेही मूळचे जादूगारच. माकिनोंच्या 'जिराइया'त (१९२१) नायकाचा प्रचंड बेडूक होतो. फाळक्यांचा कालिया नाग आणि हा बेडूक यांत कारागिरीच्या दृष्टीने डावे-उजवे करता येणार नाही. माकिनोंनाही तेथे चित्रपटाचे जनक म्हणतात. त्यांच्या चित्रपटांची वाताहत आपल्यासारखीच झाली. १९२३चा भूकंप आणि पुढे महायुद्धातील बॉम्बवर्षाव यांत जपानचे बहुतेक मूकपट नष्ट झाले. तेव्हा जपान्यांनी फिती सांभाळल्या आणि आपण गमावल्या, असे म्हणणे खोटे ठरेल. त्यांनी सांभाळली ती रीत. अद्भुताचे काम पोरकट समजून त्यांनी ते दुय्यम कारागिरांच्या हवाली केले नाही. बेडकावरून ते काही दशकांत 'उगेत्सु' आणि 'कुरोनेको'पर्यंत पोचले.

आपल्याकडे धागा कोठे तुटला? 'संत तुकाराम'पर्यंत (१९३६) तो शाबूत होता. प्रभातच्या त्या चित्रपटातले पुष्पक विमान पाहून परदेशी परीक्षकांनाही हसू आले नाही. त्यानंतर मराठी मध्यमवर्गाने सामाजिक चित्रपटाला प्रतिष्ठेच्या खुर्चीवर बसविले, पौराणिक-अद्भुत चित्रपट हिंदीतील स्वस्त कंपन्यांकडे गेला आणि भयपटाचे नाव घेताच पडक्या हवेल्या व रबरी मुखवटे आठवू लागले. मधूनच 'तुंबाड'सारखा (२०१८) चित्रपट येतो, मराठी दिग्दर्शक तो कोकणातील मातीत रुजवितो, पण भाषा हिंदी असते. यात सुशिक्षितांच्या विवेकाचा भाग किती आणि तुच्छतेचा किती, हे ज्याने त्याने ठरवावे.

फाळक्यांचे मोल येथेच कळते, कारण विवेक आणि अद्भुत यांत निवड करण्याची पाळी त्यांनी प्रेक्षकावर येऊ दिली नाही. १९१७ साली त्यांनी 'चित्रपट कसे तयार करतात' हे दाखविणारा एक लघुपट काढला. त्यात स्वतः फाळके काम करताना दिसतात. लोक आपल्या पडद्यापुढे जोडे काढून बसत असताना त्या पडद्यामागचे यंत्र लोकांना दाखविण्याची गरज त्यांना का वाटावी? धंद्याच्या हिशेबाने हा शुद्ध तोटा होता. दुसरा पुरावा 'कालियामर्दन'मध्ये (१९१९) आहे. बाळकृष्णाचे काम त्यांच्या मुलीने, मंदाकिनीने केले. कथा सुरू होण्यापूर्वी ती लहान मुलगी मुलगी म्हणूनच समोर येते, तऱ्हेतऱ्हेचे भाव चेहऱ्यावर आणून दाखविते आणि मग आपल्या डोळ्यांदेखत तिचा कृष्ण होतो. हिला देव मानू नका, ही माझी पोर आहे, असे जणू आधीच बजावून मग फाळके तिला यमुनेच्या डोहात उतरवितात. आणि तरीही नागाशी तिची झुंज सुरू झाली की आपला श्वास अडकतोच. चमत्कार उघडा करून दाखविल्याने तो उणा होत नाही, हे ज्याला ठाऊक आहे त्याला अंधश्रद्धेचे भय बाळगण्याचे कारण नसते.

पुढची कहाणी उताराची आहे. १९१८ साली निघालेल्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीत भागीदारांशी त्यांचे पटले नाही. रागावून ते काशीला जाऊन राहिले, तेथे 'रंगभूमी' हे नाटक लिहिले, परत येऊन पुन्हा चित्रपट काढू लागले. सुमारे ९५ कथापट त्यांच्या नावावर आहेत. 'सेतुबंधन' हा त्यांचा मूकपट १९३२ साली आला, म्हणजे 'आलम आरा'ने पडद्याला वाचा फोडल्यानंतर. १९३७ साली कोल्हापूरला 'गंगावतरण' हा एकच बोलपट त्यांनी दिला. स्वभाव हट्टी, हिशेब कच्चा आणि भागीदारी कधी निभली नाही, हे दोष त्यांच्या पारड्यात टाकलेच पाहिजेत. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे ते वारले. त्यांच्या नावाचा सरकारी पुरस्कार निघावयास १९६९ साल उजाडावे लागले. मेलिएस यांना उतारवयात पॅरिसच्या एका रेल्वे स्थानकावर खेळण्यांचे दुकान चालवावे लागले होते. जादूगारांच्या वाट्याला बहुधा असेच येते.

त्यांच्या चित्रपटांपैकी फार थोडे शिल्लक आहे. 'राजा हरिश्चंद्र'ची काही रिळे, 'लंकादहन' आणि 'श्रीकृष्णजन्म' यांचे तुकडे आणि बराचसा 'कालियामर्दन' एवढेच पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने (स्थापना १९६४) राखून ठेवले. धुळ्याच्या लोकांना या प्रकारच्या जपणुकीचे महत्त्व पटवून देण्याची गरज नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव पायपीट करून मिळविलेली दप्तरे त्यांच्या नावाच्या मंडळात याच शहरात आहेत, आणि शंकरराव देवांनी जमविलेली समर्थ संप्रदायाची बाडेही येथेच आहेत. कागदाच्या बाबतीत आपण जागे होतो.

म्हणून एक सूचना करावीशी वाटते. जळगावचे बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणाऱ्या संस्था यांनी मिळून 'कालियामर्दन' आणि 'कुरोनेको' हे दोन चित्रपट अक्राणी, शहादा, शिरपूर, चोपडा, यावल या सातपुड्याच्या पायथ्याच्या तालुक्यांत दाखवावेत; पहिला आश्रमशाळांतील मुलांना, दुसरा त्यांच्या गावातील मोठ्या माणसांना. डाकीण हा विषय व्याख्यानाने जेवढा पोचतो त्याहून अधिक तो जाळल्या गेलेल्या दोन बायकांच्या बाजूने सांगितलेल्या पिशाच्चकथेने पोचेल, असा आमचा अदमास आहे. पहिल्या चित्रपटाला तर भाषेचीही अडचण नाही. तो मूक आहे आणि तासाभराच्या आत संपतो. जपानात मूकपटाशेजारी उभे राहून कथा सांगणारा निवेदक असे आणि त्याचे नाव नटाइतकेच मोठे असे. आपल्याकडे रात्रभर वही गाणारे लोक अजून आहेत. त्यांतल्या एखाद्याला पडद्याशेजारी बसवून त्याच्या बोलीत कथा सांगू दिली, आणि खेळ संपल्यावर त्याच मुलांच्या हाती कॅमेरा देऊन नट जागचा कसा नाहीसा करतात ते करून पाहू दिले, तर खर्च एका सहलीइतकाही येणार नाही.